डेलियाची निळी शाल

"अजून ठणकतेय का गं दाढ?" व्हेलीसाहेबांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं.

मागे उभ्या असलेल्या डेलियाने मान हलवली असावी. सकाळपासून तिच्या जबड्याभोवती फडकं होतं आणि त्यावरून डोकं झाकणारी निळी शाल. चार्ल्सटनहून निघताना साहेबांनीच ती दिली होती. फिलाडेल्फियाच्या बाजारातही त्या शालीमुळे डेलिया त्यांना लांबून ओळखू यायची.

पलीकडे नेणारी नाव धक्क्याला लागली. ऑक्टोबरचं ऊन कलायला आलं होतं.

साहेब एका दाव्यापायी इथे आले आणि दावा लांबत गेला. या पेनसिल्व्हेनियात एक विचित्र कायदा होता. परराज्यातल्या मालकाने आणलेला गुलाम इथे सलग सहा महिने राहिला, की तो मोकळा. डेलियाचे सहा महिने आज दिवस मावळला की पुरे होत होते. त्यावरचा उपाय साऱ्या शहराला ठाऊक होता. नदी ओलांडायची, पलीकडच्या जर्सीत एक रात्र काढायची, की महिने पुन्हा पहिल्यापासून सुरू.

साहेबांना धास्ती होती ती डेलिया ऐनवेळी पळेल याची. मागच्या दारी धोबिणीशी, त्या मोकळ्या झालेल्या केझायाशी, तिची फार कुजबुज चालायची. पण आज ती बोचकं घेऊन मुकाट मागोमाग आली. अठरा वर्षं घरचं मीठ खाल्लंय हिने, या विचाराने साहेबांचा ऊर भरून आला.

"काय साहेब, जर्सीची हवा मानवते वाटतं?" म्हातारा नावाडी टॉलमन म्हणाला. "सहा महिने होत आले की दक्षिणेकडच्या समस्त मंडळींना नेमकी हीच हवा लागते."

"तू वल्ही मार."

"मारतोच की. पण ही शेवटची खेप हं, मग थेट सकाळी. काही मागे राहिलं नाही ना, एकदा बघून घ्या."

"माझं सगळं माझ्याबरोबर आहे," साहेब मागे न बघताच म्हणाले.

डेलिया न विचारता समोरच्या फळीवर बसली. दुखण्यात माणूस रीत विसरतो, म्हणून साहेबांनी तिकडे काणाडोळा केला.

नव्या राज्यघटनेचा मसुदा छापून महिना झाला होता, तरी तो अंक साहेबांच्या हातचा सुटत नव्हता. "ऐक, टॉलमन. कामाला बांधलेला माणूस पळून दुसऱ्या राज्यात गेला, तरी मालकाला परत द्यायचा. आणि खुबी बघ, अख्ख्या मसुद्यात 'गुलाम' हा शब्द एकदाही नाही!"

"लिहायची लाज वाटली म्हणायची, ठेवायची नाही," टॉलमन म्हणाला. "पण जो पळालाच नाही, तुम्हीच इथे आणलात, त्याचं काय?"

साहेब हसले. "म्हणून तर नदी ओलांडतोय."

खाणावळीत पोचेपर्यंत सूर्य झाडांआड गेला. टॉलमनची रिकामी नाव पैलतीराकडे परत निघाली होती. साहेबांनी खिडकीतून सूर्य पुरता बुडताना पाहिला आणि सहा महिन्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

घोर मिटला की माणसाला दया सुचते.

"सोड ते फडकं, डेलिया. बघू तुझी दाढ."

तिने शाल उतरवली, नीट घडी करून मेजावर ठेवली. फडकं सोडलं आणि मेणबत्तीपुढे ताठ उभी राहिली.

साहेबांनी तिचं तोंड निरखून पाहिलं. "सूज तर पार उतरली की गं!"

"मी केझाया, साहेब. सहा महिने तुमचे कपडे धुतेय," ती म्हणाली. "डेलिया पलीकडेच आहे."