चेहरे दिसतायत

“धूर वाढव रे! चेहरे दिसतायत!” दिग्दर्शक जयदीप मॉनिटरसमोरून ओरडला.

चेहरे दिसून चालणार नव्हतं. ते भोसरीच्या मजूर अड्ड्यावरून उचलून आणलेल्या बायकांचे होते आणि सिनेमात त्या पोलंडमधल्या ज्यू बायका होत्या. हिटलरच्या माणसांनी खोलीत कोंडून, विषारी वायू सोडून मारलेल्या. बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमधली, सुटे भाग रंगवायची लोखंडी दाराची खोली झाली होती गॅस चेंबर. बायकांच्या वेण्या रुमालाखाली दाबल्या होत्या, कारण केस कापायला एकही तयार झाली नसती. अंगावर राखाडी झगे होते. त्या खऱ्या बायकांना नागवं करून आत ढकलत, पण ते दाखवलं तर सेन्सॉर अडवणार. एवढी सगळी काटछाट करून वर दिग्दर्शकसाहेबांची सकाळपासून एकच टकळी. “परदेशी पिक्चर सगळे गुळगुळीत! रडवायला व्हायोलिन लावतात. मला खरं पाहिजे, खरं!”

कॅमेरा खोलीच्या भिंतीतल्या काचेला लावला होता. त्यावरून जयदीपची सहायक निशिगंधा त्याच्याशी भांडली होती.

“आत गेलेलं कोणी सांगायला परत आलं नाही, सर. बाहेरून बघणारे होते ते मारणारेच. आपला कॅमेरा त्यांच्या जागेवर कशाला?”

“मग प्रेक्षकाला काय दार दाखवू? डोकं नको खाऊ.”

परभणीकडच्या कौशल्याबाई कॉलेजात जाणाऱ्या लेकीला, वर्षालीला, घेऊन आल्या होत्या. आत जायच्या आधी त्यांनी निशिगंधाला बाजूला घेतलं. “ताई, पोरीला धुरानं दम लागतो. तिला दाराजवळ उभी करा बरं.” निशिगंधानं तसं उभं केलं. “दार नुसतं लोटलेलं आहे, मावशी. त्रास झाला की ढकलायचं आणि सरळ बाहेर यायचं,” असं बजावून सांगितलंही. जयदीपनं बजावलं ते वेगळंच, “दार बडवा, किंचाळा, काय वाटेल ते करा. फक्त मराठी शब्द तोंडातून नको.”

धूर दाट झाला. आतून किंचाळ्या सुरू झाल्या, दारावर हात पडू लागले. जयदीप खुशीत मान हलवत होता. मग त्या गलक्यातून कौशल्याबाईंचा आवाज आला.

“दार उघडा! माझी पोरगी पडली! आवो, दार उघडा!”

निशिगंधानं दाराकडे पाहिलं. आतून ते गदगदा हलत होतं आणि उघडत नव्हतं. बाहेरून कडी घातलेली होती.

“कडी कोणी लावली?”

“मी,” जयदीप म्हणाला. मॉनिटरवरची नजर काही त्यानं हलवली नाही. “रिहर्सलला सारखी फट पडून उजेड येत होता. आणि बघ ना, कसल्या टरकल्यात! आता कुठे खरं वाटतंय.”

“सर, त्या मराठीत ओरडतायत!”

“डबिंगमध्ये काढू.”

निशिगंधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती दाराकडे धावली, तर या महाभागानं तिचं मनगट धरलं. “थांब, दहा सेकंद! शॉटची वाट लागेल.”

“सोड हात, हरामखोरा!” तिनं हिसडा मारला. आतल्या रेट्यानं कडी घट्ट बसली होती. तिनं खांद्यानं दार दाबून धरलं, तळव्यानं कडीवर दणके घातले, तेव्हा कुठे ती सुटली.

बायका एकमेकींच्या अंगावर कोसळत बाहेर आल्या. शेवटी कौशल्याबाई, रेट्यात मागे ढकलल्या गेलेल्या वर्षालीला काखेत हात घालून ओढत. पोरीचे ओठ निळे पडले होते. तिची पिशवी सापडेना, सापडली तर दम्याचा पंप सापडेना. बायका नुसत्या एकमेकींवर ओरडत होत्या. पंप तोंडाला लावल्यावरही बराच वेळ काही होईना. मग तिची छाती एकदम उचलली गेली आणि ती रडायला लागली. कौशल्याबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि झग्याच्या टोकानं तोंड पुसत राहिल्या.

तिकडे जयदीप शॉट पुन्हा पुन्हा लावून बघत होता. “आईशप्पथ, काय निघालंय! आता म्हणू दे कोणाला, सिनेमावाले खोटं दाखवतात!” हसतच तो बायकांकडे आला. “जबरदस्त, मावशी! पोरगी बरी आहे ना? तिला बसू दे. तुम्ही पाणीबिणी प्या, मग तुमचा एक क्लोजअप घेऊ. दोन मिनिटांचं काम.”

निशिगंधा शिवी हासडणार होती. कौशल्याबाईंनी तिला हातानंच गप्प केलं. लेकीचं डोकं शेजारणीच्या मांडीवर ठेवून त्या उठल्या. रुमाल कुठेतरी गळून पडला होता, डोळे लाल झाले होते.

“ताई, त्या खऱ्या बाया व्हत्या, त्यांचं दार कुनी उघडलं का?”

“नाही, मावशी. कोणीच नाही.”

कौशल्याबाई जयदीपकडे वळल्या.

“मंग तुमी जावा आत, साहेब. कडी मी लावते.”

जयदीप हसला. दुसरं कोणी हसलं नाही, त्याची लाइटवाली पोरंसुद्धा नाहीत. खाली बसलेल्या बायका एकेक करून उठल्या आणि त्याला दारापर्यंत वाट करून दिली.