काशीच्या अंगातली देवी

काशीला मधूनच घाम फुटायचा, छाती धडधडायची, अंग थरथरायचं. अंगात देवी आली म्हणून सासरे पाया पडायचे. नेरूळच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन दाखवला. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ होती. "तीच जास्तीचं हार्मोन सोडते. काढली की झटके थांबतील."

"घरी ऑपरेशनचं सांग, झटके थांबतील हे नको," काशीने लेकीला, सोनलला बजावलं.

गाठ निघाली. दोन महिन्यांनी सासऱ्यांनी सोनलला नर्सिंगचं शिक्षण सोडायला लावून तिचं लग्न ठरवलं. काशी नको म्हणाली.

"तुला कोन इचारतंय?" सासरे गरजले.

काशीने अंबाडा सोडला आणि ती घुमू लागली. "पोरगी शिकनार!"

सासऱ्यांनी लोटांगण घातलं. सोनलने वाकून आईचं मनगट धरलं. नाडी अगदी संथ चालली होती.