झोपून उठलेलं मशीन

काकांची बायको गेली त्या दिवशीच कळलं, तिच्या छातीला लावलेल्या, हृदयाचे ठोके मोजणाऱ्या मशीनचे आकडे दोन दिवस दवाखान्यात पोचलेच नव्हते.

"काका, काकूंनीच बंद केलं असेल," कंपनीच्या इंजिनिअरने हात झटकले.

काकांना पटेना. गोळीची वेळ न चुकवणारी बाई मशीन बंद करेल? आंघोळीच्या वेळी ती करायची तसं, त्यांनी त्याच्यासमोरच बटण दाबून मशीन झोपवलं, म्हणजे तात्पुरतं थांबवलं, आणि पुन्हा उठवलं. 'चालू'चा हिरवा दिवा लागला. मग दवाखान्यात फोन लावला. "सिस्टर, काही येतंय?"

"नाही, बंदच दिसतंय."

इंजिनिअरने मशीनला लॅपटॉप जोडून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आकडे पाठवणारं नेटवर्क कार्ड उठलंच नाही. ते कार्ड चालवणारा आमचा ड्रायव्हर प्रोग्राम ती चूक गिळून 'ठीक आहे' सांगतोय."

"अशी मशीनं किती घरांत?"

"चारशे."

"त्यांना कधी कळवणार?"

"आमचे साहेब म्हणतात, आधी तुमची सही हवी. तक्रार नाही म्हणून."

काकांनी सही केलेली नाही. चारशे घरांना अजून कोणी कळवलेलं नाही.