अर्धी खिचडी

दवाखान्याच्या फाटकाशी फुकट खिचडी वाटणाऱ्याने कौसरचा बुरखा बघून डाव मागे घेतला. "ही आपल्या माणसांसाठी आहे."

तेव्हापासून वेणूताई रोज आपली अर्धी खिचडी तिला देई; दोन वाटे कौसरच करी. वॉर्डात दोघींचे नवरे शेजारशेजारच्या खाटांवर होते.

एका सकाळी वेणूताईचा नवरा गेला. रडून झाल्यावर तिने कपाळावरची टिकली नखाने सोडवली आणि कौसरच्या कपाळावर दाबून बसवली. "मला आता ही चालायची नाही गं. उद्या बुरखा काढून रांगेत जा. अल्लाला सांग, वेणूने लावली."

दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने ताटली भरून वाढली. "घ्या ताई, पोटभर खा."

वॉर्डात येऊन कौसरने सवयीने खिचडीचे दोन वाटे केले. मग तिला शेजारची रिकामी खाट दिसली.