डाव्या भुवईवरची चीर

तोफ्याने उजवीकडून लागोपाठ दोन ठोसे फुकटचे खाल्ले, आणि रिंगखाली बसलेला डॉक्टर बॅटरी घेऊन उठला.

तेवढ्यात दुसरा राउंड संपल्याची घंटा वाजली. ताई स्टूल घेऊन दोरांमधून आत घुसली. तोफ्याची थोरली बहीण तीच, कोचही तीच. नेहमीसारखी त्याच्या डाव्या अंगाला टेकली आणि लोकांकडे पाठ करून त्याचं तोंड पुसायला लागली.

"डॉक्टर येतोय. हलू नकोस."

"ताई, आज जिंकलो की नोकरी पक्की ना?"

"हलू नकोस म्हटलं ना!"

डॉक्टर पोचला तोवर डाव्या भुवईतून रक्ताची धार लागली होती.

पलीकडचा कोच बोंबलला, "आमच्या पोराने तिकडे हातसुद्धा लावला नाही!"

"मग काय डास चावला?" ताई खेकसली. सगळा हॉल हसला.

डॉक्टर म्हणाला, "मी तर उजव्या डोळ्यासाठी आलो होतो."

"त्याला काय धाड भरलीय? इथे रक्त वाहतंय डॉक्टरसाहेब, हे बघा आधी!"

डॉक्टरने तोफ्याचा उजवा डोळा तळव्याने झाकला. "किती बोटं?"

"तीन."

"आता?"

"एक. नख वाढलंय तुमचं."

डॉक्टरला हसू आलं. "नजर शाबूत आहे. खेळू द्या."

ताईचा जीव भांड्यात पडला. तिने चिरेवर कापूस दाबला, व्हॅसलीन चोपडलं. सगळं एकाच हाताने. दुसऱ्या हाताची मूठ काही तिने उघडली नाही.

तिसऱ्या राउंडचं पहिलं मिनिट तोफ्याने समोरच्याला धुतला. मग भुवईवर एक हलकीशी टपली बसली. व्हॅसलीन पुसलं गेलं आणि रक्त डाव्या डोळ्यात उतरलं.

तोफ्या जागच्या जागी थांबला. अंधारात भिंत चाचपावी तसे त्याने दोन्ही हात पुढे केले.

"ताई?"

समोरचा एक पाऊल मागे सरला. नीट माप घेऊन त्याने खांदा ताणला.

ताई टॉवेलकडे झेपावली, तसा खाली उभा असलेला डॉक्टर म्हणाला, "एवढ्यात काय हार मानताय? रक्त डाव्या डोळ्यात गेलंय. उजवा आहे की ठणठणीत."

टॉवेल उचलायला ताईने शेवटी मूठ उघडली. ब्लेडचा तुकडा डॉक्टरच्या बुटापाशी पडला. उजव्या डोळ्याने तोफ्याला वर्षभर काहीच दिसत नव्हतं.