सहासष्ट आणि शंभर

जुन्याने नव्याला जागा करून द्यावी, हा सृष्टीचा नियम आहे आणि तो कुणासाठी थांबत नाही. सुरतजवळ पलसाण्याच्या साड्या छापणाऱ्या प्रिंटिंग मिलमध्ये तो सकाळी अकरा वाजता लागू होणार होता. सेठ जेवून यायचे होते, म्हणून तो अडीचवर गेला.

मधले साडेतीन तास लोटूला काढायचे होते. तो दोनदा पाणी प्यायला, तीनदा बाहेर जाऊन आला आणि एकदा उगाच एसीसमोर हात धरून उभा राहिला.

एसी चालू होता. अख्ख्या मिलमध्ये तो याच खोलीत होता, आणि तोही माणसांसाठी नव्हे, कॉम्प्युटरसाठी. कॉम्प्युटरच्या कृपेने तीन वर्षं लोटूला तो मिळत होता. त्याआधी तो स्क्रीन, म्हणजे छपाईच्या रंगमाखल्या जाळ्या, धुवायच्या खात्यात होता. तिथे हाताची सालं निघायची आणि नावाने कुणी हाक मारायचं नाही. आता तो राहायचा त्या नवागामात त्याला ‘कॉम्प्युटरसाहेब’ म्हणत.

सेठने काल दारातूनच सांगितलं होतं, “बेमांथी एक मशीन अहीं रहेशे, एक जशे. जेनुं मशीन रहेशे, ए ऑपरेटर रहेशे.” म्हणजे दोनातलं एकच मशीन इथे राहणार, आणि ज्याचं राहील तोच ऑपरेटर राहणार; दुसऱ्याने स्क्रीन खात्यात जायचं. सेठ वाईट माणूस नव्हता, घरी कुणालाच पाठवत नव्हता.

लोटूचं मशीन त्र्याण्णव सालचं. फोर-एटी-सिक्स डीएक्स-टू, सहासष्ट मेगाहर्ट्झ. आलं तेव्हा रिंगरोडचे कापडव्यापारी ते बघायला बूट काढून आत येत. आता शहाण्णवची दिवाळी चार दिवसांवर आली होती आणि शेजारच्या टेबलावर पेन्टियम होतं, शंभरचं. त्याच्यासमोर उज्ज्वला होती. बावीस वर्षांची, उधन्याला कॉम्प्युटरचा क्लास केलेली.

“काका, कशाला जिवाला घोर लावता?” ती म्हणाली. “सहासष्ट आणि शंभर. पहिलीतलं पोरगंसुद्धा सांगेल.”

“वेगाचं सांगेल. हा राणी रंग बघ. यात निळा किती, ते सांगेल का?”

“ते मशीन सांगतं.”

“आणि मशीन चुकलं तर?”

“मग तुम्हाला विचारू की. खाली येऊन.”

खाली म्हणजे स्क्रीन खात्यात. लोटू हसला. हसणं भाग होतं.

सकाळी डबा भरताना बायकोने, सुभद्राबाईनेही हेच विचारलं होतं. “मंग परत धुवाले जाशात का?” लोटूने चपला शोधत असल्याचं दाखवलं होतं. चपला पायातच होत्या.

सेठने ठरवलेली परीक्षा सोपी होती. आठ रंगांच्या साडीचं एकच डिझाइन दोन्हीकडे. प्रत्येक रंग वेगळा काढायचा. आधी ज्याचं होईल, त्याचं मशीन फास्ट. उज्ज्वलाने सकाळीच करून पाहिलं होतं, नऊ मिनिटं. लोटूला बावीस लागत. हे दोघांनाही ठाऊक होतं, फक्त सेठला नव्हतं.

एक वाजता उज्ज्वला डबा धुवायला गेली.

पेन्टियमच्या डब्यावर पुढे हिरवा आकडा पेटलेला असे, शंभर. त्याच्याखाली वेग चढवायचं-उतरवायचं एक बटण होतं, टर्बो. तसंच बटण लोटूच्या मशीनलाही होतं. पहिल्या वर्षी एकदा ते त्याच्या कोपराने दाबलं गेलं आणि मशीन तीन दिवस आजारी माणसासारखं चाललं. शेवटी दुकानातून इंजिनियर आला. त्याने बटण दाबलं, चहा घेतला आणि गेला.

लोटूने पेन्टियमचं बटण दाबलं. शंभरचे तेहतीस झाले.

आकडा डोळ्यांत भरत होता. पण उज्ज्वलाने सकाळी पूजा करून डब्याला झेंडूचा हार घातला होता. लोटूने तो आकडा झाकेल असा दोन बोटं खाली ओढला आणि वर हळदकुंकवाची बोटं लावली. पूजेच्या हाराला आता संध्याकाळपर्यंत कुणी हात लावणार नव्हतं.

तो जागेवर येऊन बसला. मग उठला. मग पुन्हा बसला. उज्ज्वला आली, हाराकडे बघून म्हणाली, “काका, तुम्ही पण कुंकू लावलं? माझ्या मशीनला?”

“दोन्ही लक्ष्मीच,” लोटू म्हणाला.

अडीचला सेठ आले. त्यांना साडेतीनला निघायचं होतं, म्हणून ते खुर्चीत टेकलेच नाहीत. त्यांनी घड्याळ काढून हातात धरलं. “चालू.”

दहाव्या मिनिटाला उज्ज्वलाचा दुसरा रंग निघाला. पंधराव्या मिनिटाला तिने माउस टेबलावर आपटला. विसाव्याला ती रडवेली झाली. लोटूने तिच्याकडे बघायचं टाळलं, पण बघण्यासारखं खोलीत दुसरं काही नव्हतं. बाविसाव्या मिनिटाला त्याचा आठवा रंग निघाला.

“सेठ, सकाळी नऊ मिनिटांत झालं होतं,” उज्ज्वला म्हणाली. “देवाशप्पथ.”

“सकाळची गोष्ट सकाळी.” सेठ लोटूकडे वळले. “पक्कुं ने? आ ज फास्ट?”

“पक्कं, सेठ. हेच फास्ट. तुमच्या डोळ्यांदेखत झालं.”

सेठने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तीन वर्षांत पहिल्यांदाच. लोटूला वाटलं, आज सुभद्राबाईसाठी नानखटाई न्यावी. उज्ज्वला ओढणीने डोळे पुसत आपली पर्स शोधू लागली.

“बस, तू बस,” सेठ तिला म्हणाले. “मिलच्या कामाला हळू चाललं तरी चालतं.” आणि लोटूला म्हणाले, “तुझं मशीन बांध आणि गाडीत ठेव. वरून कपडा मार, नवंच दिसेल. उद्यापासून तू खाली स्क्रीनवर जा.”

“पण सेठ, हे तर फास्ट आहे.”

“म्हणून तर!”

सेठच्या नव्या जावयाने पहिल्या दिवाळसणाला गेम खेळायला कॉम्प्युटर मागितला होता, फास्टवाला.