जूनमधला बर्फ

"जून महिना, आणि कुरणावर गुडघाभर बर्फ. त्यात मला कळा," दवाखान्याच्या बाकावर झुरा शेजारच्या अनोळखी बायकांना सांगत होती. "सकाळीच सुरू झाल्या मेल्या."

"सकाळी कुठलं गं, घोड्यांची दुपारची धार काढून झाली होती," तिची धाकटी बहीण बात्मा थर्मासमधून चहा ओतत म्हणाली.

"आली मोठी शहाणी. बाळंत मी झाले की तू?"

बायका हसल्या. झुराची सून चोल्पोन तेवढी हसली नाही. आपल्या नवऱ्याच्या, एर्किनच्या, जन्माची ही कथा तिने शंभरदा ऐकली होती, आणि दर वेळी ती काहीतरी काम काढून उठायची.

चोल्पोनला पाळी कधी आलीच नव्हती. लग्नानंतर येईल, तोंड उघडू नकोस, असं आईने बजावून सासरी पाठवलं होतं. पण ओटीपोटात गाठ झाली, दुखणं अंगावर काढता येईना, तेव्हा सासूने हाताला धरून तिला नारीन शहरातल्या या दवाखान्यात आणलं. आज सगळं उघडं पडणार होतं. आणि एर्किनवर तर तिचा भारी जीव होता.

आतून नाव पुकारलं.

"तुम्ही बसा ना, एने," चोल्पोन सासूला म्हणाली. " मी जाऊन येते."

"का? सासू मी नुसती जेवणावळीपुरती का?" म्हणत झुरा तिच्याआधी आत शिरली.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवलं. गर्भाशय जन्मापासूनच नाही. त्याच्या जागी दोन बाजूंना जर्दाळूच्या बीएवढे दोन कोंब, त्यातल्या एकावर ही गाठ धरलेली. "गाठ काढू, दुखणं जाईल. पण मूल हिच्या पोटी होणार नाही."

"दुसऱ्या बाजूला गाठ नाही ना?" झुराने विचारलं.

"नाही."

"मग काढून टाका. घाबरायचं काय त्यात?"

बाहेर येताच चोल्पोनला रडू फुटलं. "एने, मला माहीत होतं, मी लपवलं. मी माहेरी जाते. एर्किनसाठी दुसरी बघा."

झुराने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "झालं बोलून? बस इथे." तिने सुनेला बात्माशेजारी बसवलं, चहाचा पेला तिच्या हातात दिला आणि बहिणीकडे वळून हलकेच म्हणाली,

"बात्मा, हिचंही माझ्यासारखंच निघालं. आता तूच सांग हिला, एर्किनच्या वेळी तुला कळा कधी सुरू झाल्या होत्या."